देवीच्या डोहातलं मासं

पाण्यात उतरायच्या आधी मॅडम काठावर बसून हात बुडवायच्या आन् म्हणायच्या, "येऊ का गं आत?" नदी काय बोलायची न्हाई, पण मॅडम थांबायच्या मातर. असलं माणूस तुमी बघितलंय का कुठं?

आमच्या नदीत कुठलं कुठलं मासं हायत ते बघाया त्या पुण्यास्नं आलेल्या, आमच्याच म्होरच्या खोलीत ऱ्हायच्या. जाळ्यात घावलेला मासा पट्टीनं मोजायचा, फोटु काढायचा, परत सोडायचा. सासूबाई म्हणायच्या, "कालवणाला एक बी न्हाई, आन् नुसतं मोजाया पुण्यास्नं आलीया!"

मालक फौजेत, मी आठवी नापास. तान्हं काखंत घेऊन मॅडमची बादली धरायची. कसली धरतीया! आत सापागत लांब वाम मासा वळवळला की बादली एकीकडं, मी एकीकडं.

पण देवळाखालच्या डोहातलं मासं देवीचं. कुणी धरत न्हाई. धरलं तर घरातल्या लेकराला बाधतं म्हणत्यात. मॅडमनी तिथं जाळं उघडलं तशी मी म्होरं हून जाळ्याचं टोक धरलं.

"आवं मॅडम, माझं लेकरू हाय वो."

वाटलं, आता अडाणी म्हणत्याल. न्हाई. जाळं गुंडाळलं. "मग वरूनच बघू," म्हणाल्या. मी पायरीवरनं भाकरीचा चुरा टाकायची, मासं वर यायचं, त्या लिहून घ्यायच्या.

एक दिवस असंच टाकताना दिसलं. पाणी वसरून कडंला एक डबकं तुटलंवतं, त्यात हातभर मासा तडफडत हुता, निम्मा चिखलात. मॅडम उठल्या, परत बसल्या.

"तू नको म्हणालीस तर मी हात लावणार नाही."

झालं! मरू द्यावा तर देवीचा, उचलावा तर देवीचा. लेकरू मॅडमच्या हातात कोंबलं, पदर खवला, "आई, सोडाया उचलतीया, खायाला न्हाई गं," असं बरळत गेले. मासा फडफडला तशी मी अशी वरडले की देवळातला गुरव बाहीर आला. पळाले, घसरले, मासा डोहात आन् कमरंपतूर मी बी डोहात.

वर बघितलं तर मॅडम, सापाला हातानं बाजूला सारणारी बाई, लेकराला तापल्या तव्यागत लांब धरून उभ्या.

"घे गं लवकर! हे रडलं तर मी काय करू?"

घरी आल्यावर मी घडीघडीला लेकराचं कपाळ चाचपायची. सासूबाईस्नी सांगायची काय टाप हुती माझी! दुसऱ्या दिवशी मॅडम कवठे महांकाळकडच्या तलावांवर जायच्या हुत्या. गेल्या न्हाईत.

"थोडं काम राहिलंय," म्हणाल्या आन् दिवसभर आमच्या उंबऱ्यात बसल्या. मी हात लावून गेले की त्या लावायच्या. "गार आहे गं. खेळतंय बघ." देवाबिवाचं मानायच्या न्हाईत त्या.

दिवस कलताना लेकरू दूध पिऊन हसलं, तवा उठल्या, चपला घातल्या आन् गेल्या. परत आल्या न्हाईत.

काम कसलं ऱ्हायलंवतं म्हणता? त्यांच्या गाडीच्या टपावर जाळी तर सकाळीच बांधून ठेवलीवती.