चार आकड्यांची फिल्म

दुष्काळाच्या त्या वर्षी मी ढग पाहिले ते थोरल्या भावाच्या छातीच्या एक्स-रे फिल्मवर. शिरूर कासारच्या घरात ती उजेडाकडे धरली की काळ्या फुफ्फुसांत पांढुरके गोल तरंगताना दिसत. डावीकडे, तळाशी, त्यांतल्या एकाच्या मध्यभागी पोकळी होती. ती पाहून तालुक्याच्या डॉक्टरांनी क्षय ठरवला. दादाने पाच महिने गोळ्या नेमाने घेतल्या. थुंकीत जंतू एकदाही सापडले नाहीत, तरी खोकल्यातून रक्त येई, नाकात खपल्या धरत आणि अंग झिजतच होते.

बीडच्या छातीच्या डॉक्टरांनी नवी फिल्म काढून प्रकाशपेटीवर लावली आणि विचारले, "आधीची कुठे आहे?"

"तिचा मी साचा केला," मी मान खाली घालून सांगितले. दादा गावच्या दूध संस्थेत कामाला होता. संस्थेच्या कॅनवर रंगाने आकडे घालायचे होते, आणि अशा साच्याला एक्स-रेची फिल्म उत्तम: कात्रीला मऊ, रंगाला चिवट. शाळेत शिकवताना मी अक्षरांचे साचे तसेच करीत असे. जुनी फिल्म निरुपयोगी समजून मी ती कापली होती.

"गुरुजी, माझ्या बरगड्या संस्थेला देऊन टाकल्या व्हय रं?" दादा धापा टाकत म्हणाला. "इचारायचं तरी."

"असेल तशी आणा," डॉक्टर म्हणाले. "डाग जागा बदलत असतील, तर हा आजार वेगळा असू शकतो. मूत्रपिंडांपर्यंत जाण्याआधी कळायला हवं."

दुसऱ्या दिवशी मी साचा संस्थेतून आणला, रॉकेलने पुसला. पेटीवर ठेवताच दादाच्या खांद्यांखाली एक, दोन, तीन, चार हे आकडे पहाटेच्या उजेडासारखे फटफटले. चाऱ्याअभावी दूध आटले होते, चारच कॅन भरत होते. म्हणून मी वरची एकच ओळ कापली होती. खालचा भाग अखंड होता.

डॉक्टरांचे बोट सावकाश फिरले. जुन्या फिल्मवरची डावी पोकळी नवीवर विरून गेली होती. उजवीकडे, जिथे पूर्वी निखळ काळे होते, तिथे दोन नवे गोल उमटले होते.

"क्षयाचे डाग सहसा असे फिरत नाहीत. रक्तवाहिन्यांच्या भिंतींना सूज येण्याचा एक दुर्मीळ आजार आहे."

रक्ताच्या आणि नाकातल्या तुकड्याच्या तपासणीने तेच निघाले. मूत्रपिंडे अजून शाबूत होती.

"म्हंजी मला क्षय न्हाई?" दादाने दोनदा विचारले.

"नाही. याची लागणही होत नाही."

दवाखान्याबाहेर त्याने एकच चहा सांगितला. पाच महिने तो माझ्यापासून चार हात दूर बसत आला होता. अर्धा चहा बशीत ओतून त्याने ती माझ्यापुढे सरकवली.