मामांची तांबडी पेन्सिल

माझ्या चुलतमामांइतका शब्दांना भिणारा माणूस अख्ख्या परभणी जिल्ह्यात झाला नसेल. विंचू ते चिमट्यात धरून शांतपणे बाहेर टाकत, पण कुणी कुणाला ‘लबाड’ म्हटलं की कासावीस होत. कानावर सदा तांबडी पेन्सिल. काय घडलं ते न सांगता नुसतंच चिडायला किंवा टाळ्या वाजवायला लावणारा शब्द दिसला, की तो खोडायचा आणि वर घडलेलं लिहायचं. मामी म्हणाली, “चोरट्या मांजरीनं दूध पिलं,” तर हे म्हणत, “दूध पिलं एवढंच सांग. अन् झाकण कुणी ठेवलं न्हाई, ते बी सांग.” माझ्यासाठी आलेल्या स्थळाच्या पत्रात ‘मुलगा कर्तबगार’ असं होतं. मामांनी ते खोडून ‘करतो काय?’ असं लिहून पत्र परत पाठवलं. उत्तर आलं नाही. तेव्हा मी धुसफुसले होते. आता आभारी आहे.

निजामीची ती शेवटची वर्षं. चुडाव्याच्या स्टेशनावर उर्दू अखबार उतरायचा आणि मामा चावडीवर बसून तो मराठीत वाचून दाखवायचे. गावातली काही पोरं निजामाविरुद्ध लढायला सरहद्दीपलीकडच्या कॅम्पात गेली होती. त्यांत माझा धाकटा भाऊ दत्ताही होता. एका सकाळी बातमी आली : करोडगिरीच्या, म्हणजे निजामाच्या जकातीच्या, नाक्यावर हल्ला, चार डाकू ठार. आई समोरच बसलेली. मामांनी वाचलं, “नाक्यावर चार माणसं मेली. नावं छापली न्हाईत.”

अखबारात डोकावणारा पोलीस जमादार ओरडला, “डाकू लिखा है! जैसा लिखा, वैसा पढो!”

“तुमी होता का तिथं, जमादारसाब? कोण मेलं ते सांगा, मंग पुढं वाचतो.”

थोबाडीत बसली. पेन्सिल उडून आईच्या पदरात पडली. ती घ्यायला वाकलेले मामा हळूच म्हणाले, “अक्का, आपला दत्ता त्यात हाय असं कुठंच लिहिलं न्हाई.” त्या एका वाक्यावर आई कित्येक महिने भाकरी थापत राहिली. मी मात्र प्रत्येक गाडीच्या वेळी दारात उभी.

मग हिंदुस्थानची फौज आली. रणगाडे, विमानं, आणि त्याला नाव ‘पोलीस ॲक्शन’. मामा दोन दिवस पेन्सिल चावत बसले. “रणगाड्यात बसून फिरणारे पोलीस पैल्यांदाच बघायलोय,” म्हणाले.

पाठोपाठ दत्ता आला. हलगी, हार, मानपत्र. वाचायला अर्थात मामाच. त्यांनी ‘शूर वीर’ खोडलं. लोक खवळले, सगळ्यांत जास्त मी. “मामा, आजच्या दिवस तरी ऱ्हाऊ द्या की!”

“ऱ्हाऊ देतो. पण वर लिहू काय? दत्ता, तिथं काय केलंस रे?”

हलगी थांबली. दत्ता हारातलं एकेक फूल कुस्करत राहिला. “नाका पेटवला,” तो म्हणाला. “आत एक कारकून होता. आमाला ठाऊक नव्हतं.”

मामांनी त्याला शेजारी बसवून घेतलं. “नाव काय त्याचं?”

“ठाऊक न्हाई.”

दुसऱ्या दिवशी दोघं नाव विचारायला निघाले, ते आठवड्यानं परतले. कुठं गेले, कुणाच्या दारात उभे राहिले, मी विचारलं नाही.

मामा जाऊन बरीच वर्षं झाली. पेन्सिल दत्तानं मागून घेतली. सत्काराचं बोलावणं आलं की तो ‘वीर’ खोडतो आणि वर त्या कारकुनाचं नाव लिहितो. मी पेन्सिलीला टोक तेवढं करून ठेवते.