छाट

आप्पानं आईच्या सुपातनं मूठभर बिड्या उचलल्या, बोटांत फिरवल्या आणि बाजूच्या पाटीत टाकल्या. "छाट." परत एक मूठ. "छाट." आई समोर उकिडवी बसली होती. मी तिच्या मागं उभी.

"ह्या वस्तीच्या बायकांस्नी कामच नगं," आप्पा बाकीच्यांकडं बघत म्हणाला. "रेशन फुकट, बस फुकट. बिडी कशाला नीट वळतील?"

काही बायका हसल्या. आईही हसली. ते हसू मला अजून खुपतं.

निपाणीजवळच्या आमच्या गावात बिडी हे घराघरातलं काम. कंत्राटदार तेंदूची पानं, तंबाखू आणि सूत देतो. बायका घरी बसून वळतात आणि बिड्या ब्रँचवर, म्हणजे कंत्राटदाराच्या जमा करायच्या जागी, आणून देतात. तिथं आप्पा तपासतो. हा कंत्राटदाराचा मेहुणा. त्याला नापसंत ती छाट. छाटीची मजुरी मिळत नाही आणि छाट परतही मिळत नाही. ती त्याच्या पाटीत राहते. रिवाजच आहे. त्याच बिड्यांचे कट्टे बांधून बाजारात जातात, हे सगळ्या गावाला ठाऊक. बोलायचं कुणी? तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

आम्ही बौद्ध वस्तीतल्या बायका रांगेत शेवटी, आणि आमची छाट सगळ्यांत जास्त. पाण्याच्या घागरीला हात लावू नका असं आता कोणी म्हणत नाही. आम्ही ओंजळ पुढं करतो, बाकीच्या बायका वरून ओततात. बोलायची गरजच पडत नाही.

मी बी.ए. झाले, मराठीतनं. गाव कर्नाटकात, इथल्या नोकरीला कन्नड लिहिता यायला लागतं. पलीकडं कोल्हापूरला गेलं की विचारतात, रहिवासी कुठल्या? आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना. मग आले घरी आणि सूप मांडीवर घेतलं.

बिडीवरचा कर वाढला तेव्हा कंत्राटदारानं काम निम्मं केलं. वर काय ठरलं ते आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. पानं कमी मिळाली तेव्हा कळलं. पुढं कर उतरला असं पेपरात आलं. काम निम्मंच राहिलं. छाट तेवढी कमी झाली नाही.

खरं सांगायचं तर मला राग येत नसे. बोटं चालायची, डोकं बंद. लहानपणापासून आईची छाट बघत आले. आधी रडू यायचं, मग तेही थांबलं. त्या दिवशीही काही वाटत नव्हतं.

मग आप्पानं पाटीतली आईचीच एक बिडी उचलली आणि शिलगावली. झुरका घेतला. डोळे मिटून धूर सोडला. पुन्हा ओढली. चांगली लागत होती त्याला.

आईच्या हातचं पाणी या माणसाला चालत नाही. आईच्या हातची बिडी ओठांत धरून तो तिलाच सांगत होता, तुला वळता येत नाही.

मला तेव्हाही राग आला नाही. फक्त सगळं स्वच्छ दिसलं.

मी पुढं झाले. पाटीत वर आईचीच छाट होती. एकेक बिडी घेऊन मोडायला लागले. पान फाटत होतं, तंबाखू फरशीवर सांडत होती.

"ए पोरी! मालाला हात लावायचा न्हाय!"

"माल खराब हाय म्हणालासा न्हवं, आप्पा? मग ठेवून काय करतासा?"

आईनं माझं मनगट धरलं. "चुकलं तिचं, आप्पा. लेकरू हाय."

आप्पाच्या शब्दांनी लागलं नव्हतं तेवढं ते लागलं. मी मनगट सोडवून घेतलं आणि उरलेल्या मोडल्या. आईची छाट संपेपर्यंत थांबले नाही.

"उद्यापास्नं तुमच्या घराला पान न्हाय," आप्पा म्हणाला.

पान बंद झालं. आई आता तंबाखूच्या वखारीत जाते आणि खोकत घरी येते. चूल कधी पेटते, कधी नाही. माझ्याशी ती बोलत नाही. शेजारची आक्का येऊन सांगून गेली, "पाय धर त्येचं. पाण्यात राहून माशाशी वैर कशाला गं?"

"आक्का, तुझी छाट कुठं जाती?"

"ठावं हाय की," ती म्हणाली आणि उठून गेली.

काल आई दारात उभी राहिली. "चल. माफी मागून येऊ. एकदा वाकलं म्हणून माणूस मरत न्हाय."

"तुला जायचं तर जा, आई. माझ्या वतीनं मागू नगंस."

ती गेली नाही. माझ्याकडं पाठ करून बसली. रडत होती. मला वाईट वाटलं, फार वाईट. तरी माफीला हो म्हणाले नाही.

उद्या ब्रँच उघडेल तेव्हा मी तिथं असणार. आत घेणार नाहीत. बाहेर उभी राहीन. हाकललं तर रस्त्याच्या पलीकडं. सूप घेऊन येणाऱ्या प्रत्येक बाईला, आमच्या वस्तीतल्या आणि हसलेल्यांनाही, एवढंच सांगणार: छाट त्याच्याकडं ठेवू नका. त्याच्यासमोर मोडा.