बारीआधी फुटलेला सवाल

सावर्ड्याच्या एका सायबर कॅफेत मी काही वर्षं काम केलं. लोकांचे अर्ज भरायचे, प्रिंट काढायच्या आणि मधल्या वेळात स्वतःला फार शहाणी समजायचं. ते शहाणपण माझ्या काकाला भोवलं.

काका जाखडी नाचाचा शाहीर. गणपतीत आमच्याकडे शक्तीवाले आणि तुरेवाले समोरासमोर येतात, त्या सामन्याला बारी म्हणतात. एकाने गाण्यातून सवाल टाकायचा, दुसऱ्याने तिथल्या तिथे गाण्यातूनच जबाब द्यायचा. काका शक्तीवाला. वर्षभर एकच सवाल घोळवायचा. तो वहीत उतरला की वही ट्रंकेत आणि किल्ली कमरेला. तालीम दार लावून. मागे झील धरणाऱ्या, म्हणजे ध्रुपद उचलणाऱ्या साथीदारांशिवाय बारीआधी तो कोणाच्या कानावर पडत नसे. हे मला लहानपणापासून माहीत होतं, तरी मी माती खाल्ली.

त्या वर्षी मुंबईच्या एका मंडळाची माणसं बारी बघायला येणार होती. पसंत पडली तर काकाला मुंबईत थिएटरात गायला मिळणार होतं. त्याने साठी ओलांडलेली, गळा बसत चाललेला. पुढच्या वर्षाची त्यालाच खात्री नव्हती. म्हटलं, आधीच ऐकवू की त्यांना. तालमीत चहा घेऊन गेले, मोबाइलवर गाणं रेकॉर्ड केलं आणि कॅफेतून एका फुकटच्या साइटवर चढवलं. लिंक मुंबईतल्या गाववाल्यांना पाठवली, मंडळाला ऐकवा म्हणून. त्यांनी ब्लूटूथने एकमेकांना दिलं. डाउनलोडचा आकडा रोज वाढत होता आणि मी हुरळून गेले होते. काकाला बारी झाल्यावर सांगणार होते. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग.

गौरी गेल्यावर शाळेच्या पटांगणात बारी लागली. काकाने सवाल टाकला. समोरच्या तुरेवाल्याने श्वाससुद्धा घेतला नाही. काकाच्याच चालीवर जबाब दिला, तिसऱ्या कडव्यातली चूक काढली आणि वर उलटा सवाल टाकला. लोक हसले. काकाने ढोलकी खाली ठेवली आणि मागे वळून झीलकऱ्यांकडे एकेक करून बघितलं. त्यातला एक त्याचा शाळेपासूनचा दोस्त, जन्मभर त्याच्यामागे झील धरलेला. मुंबईकरांसमोर काका त्याला म्हणाला, "तूच फोडलंस." तो माणूस उठून घरी गेला.

मी तिथेच उभी होते. तोंड उघडायला हवं होतं, पण भ्यायले. चार दिवसांनी काकाला सांगितलं.

तो ओरडेल म्हणून मी तयारीत होते. त्याने एवढंच विचारलं, "ता आता परत घेता येल काय गो?"

साइटवरून काढता येईल, म्हटलं. लोकांच्या फोनमधून नाही.

"गाण्याचा नाय इचारीत मी," काका म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो दोस्ताकडे गेला, मीही गेले. दोस्ताने आम्हाला बसवलं, चहा दिला, माझं सगळं ऐकून घेतलं. मग काकाला म्हणाला, "आधी मला इचारायचा होतास." त्यानंतर तो तालमीला आला नाही. काकाही परत बारीला उभा राहिला नाही, आणि मुंबईचं बोलावणं तर आलंच नाही.

काका गेला तेव्हा दोस्त आला. दारापुढच्या खळ्यात उभा राहिला आणि आत न येताच परतला.

ते गाणं मी साइटवरून काढलं होतं. नंतर एका चाकरमान्याच्या जुन्या फोनमध्ये सापडलं. काकाच्या आवाजातलं दुसरं काही आमच्याकडे नाही. तिसऱ्या कडव्यात त्याचा गळा बसतो, आणि मागून दोस्त झील वर चढवून त्याला सावरून घेतो. तिथे मी बंद करते.