घंगाळाची सद्यस्थिती

मी ग्रंथपाल. स्वभाव तापट, असं आमच्या वाचनालयात सगळे म्हणतात, आणि ते ऐकलं की मला राग येतो. त्यात वरून हुकूम आला. आमचं वाचनालय, तळवली गावातलं छोटं संग्रहालय आणि जुन्या कागदपत्रांचा एक दप्तरखाना, तिन्हींची मिळून संगणकावर एकच यादी करायची, कुणालाही कुठूनही बघता येईल अशी. काम अर्थातच माझ्या गळ्यात.

एकच यादी म्हणजे रकानेही एकच. पुस्तकाला लेखक असतो, मग पितळी घंगाळालाही लेखक हवा! दप्तरखान्यातले साहेब म्हणाले, "अज्ञात टाका." टाकलं. पृष्ठसंख्या शून्य. मुसळाची आवृत्ती पहिली. हसू नका, लाल चांदणीचा रकाना रिकामा ठेवला की पान पुढे सरकायचंच नाही.

तळवलीच्या संग्रहालयाची चावी एका काकांकडे असायची. गावचेच, मिठागरात हयात गेलेली. एकेक वस्तू त्यांनी घरोघर फिरून मागून आणलेली. देणाऱ्यांची मात्र एक अट: घरात लग्नाची हळद असली की आपली वस्तू न्यायची, काम झालं की घासूनपुसून परत. काकांना त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

मी फोनवर विचारलं, "काका, घंगाळ सध्या कुठंय?"

"हलदीला गेलंय, बाय."

'सद्यस्थिती'खाली वस्तूंसाठी पर्याय चारच होते. प्रदर्शनात, भांडारात, दुरुस्तीला, गहाळ. 'हळदीला' हा पर्याय कुठल्या शहाण्याला सुचणार? जेवायची वेळ टळून गेलेली, डोकं फिरलेलं. दाबलं 'गहाळ' आणि डबा उघडला.

दोन दिवसांनी काकांचा फोन. आवाज पार बसलेला. "बाय, समितीनी चावी काडून घेतली. मी घंगाळ इकलं म्हनतात."

तशीच रिक्षा पकडली नि तळवली गाठली.

समाजमंदिरात संग्रहालयाची समिती बसलेली. हळदीच्या घरची मावशी घंगाळ स्वतः उचलून घेऊन आली होती आणि टेबलावर आदळून कमरेवर हात ठेवून उभी होती. कमाल म्हणजे समितीतले निम्मे त्याच हळदीत नाचून आलेले! तरी अध्यक्ष फोन नाचवत म्हणतात, "पन लिस्टीत गहाळ हाय ना! वरच्या लोकांनी काय उगाच लिवलं असंल?"

ते वरचे लोक म्हणजे मी.

मी यादीच्या नावानं खडे फोडायला सुरुवात केली. रकाने, पर्याय, सॉफ्टवेअरवाले, दप्तरखान्याचे साहेब, कुणालाच सोडलं नाही. पुस्तकांसाठी यादीत 'वाचकाकडे' असा एक जादा पर्याय होता. मग तिथल्या तिथे, माझ्या फोनवरच, घंगाळाला पुस्तक केलं आणि 'वाचकाकडे' टाकलं. अध्यक्षांनी आपल्या फोनवर खात्री करून घेतली, मग कुठे समोरच्या घंगाळाकडे नीट बघितलं, आणि चावी काकांपुढे सरकवली.

काकांनी हात लावला नाही. "लिस्टीवर भरोसा हाय ना तुमचा? मंग चावी लिस्टीलाच द्या."

मग काका माझ्याकडे वळले. "बाय, तू इतका येल बोललीस. पन ते गहाळ दाबलं कोनी?"

'सिस्टीमनं आपोआप घेतलं' हे वाक्य माझ्या अगदी ओठांवर आलं होतं, खोटं कशाला सांगू? पण काका माझ्या तोंडाकडे बघत होते. त्यांचे डोळे लाल झाले होते, दोन दिवस झोप नसावी.

"मी दाबलं, काका. भूक लागली होती, वैताग आला होता. माझं चुकलं."

काकांनी चावी उचलली आणि खिशात टाकली.

"मानसानी केलंय ना? मंग चालंल," ते म्हणाले. "चल, च्या घे." आणि त्या अख्ख्या समितीसमोर मला रडू फुटलं.