खुर्चीत कोण बसलंय?

आदरणीय गोविंद हरड सरांची आणि माझी ओळख एका रिकाम्या खुर्चीसमोर झाली. आठवीचा पहिला आठवडा होता. किन्हवलीच्या बाजूला असलेल्या आमच्या हायस्कूलमध्ये आसपासच्या पाड्यांतली आणि वाड्यांतली मुलं नुकतीच गोळा झाली होती. सर वर्गात आले ते शिक्षकांच्या खोलीतली एक लाकडी खुर्ची ओढत. ती त्यांनी आमच्याकडे तोंड करून ठेवली, स्वतः बाजूला उभे राहिले आणि विचारलं, "या खुर्चीत कोण बसलंय?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. मागून कुणीतरी म्हणालं, "कोन नाय, सर."

"म्हणूनच तुम्हाला लिहिता येत नाही," असं म्हणून सरांनी फळ्यावर 'परिच्छेद' हा शब्द लिहिला.

सरांना यंदा पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. त्यानिमित्त लेख लिहा, असा गौरवग्रंथाच्या संपादक मंडळाचा निरोप मुरबाडला माझ्या शाळेत आला, तेव्हा मी आधी घाबरले. मी स्वतः पंचवीसेक वर्षं मराठी शिकवते आहे. पहिली काही वर्षं तर सरांच्याच शाळेत, त्यांच्या शेजारच्या टेबलाशी बसून काढली. तरीही त्यांच्याविषयी लिहायचं म्हणजे त्यांच्याच हातात वही देण्यासारखं आहे. सरांना लांबण आवडत नाही आणि गौरवलेख म्हटला की हात लांबतोच.

सरांची पद्धत सांगायला सोपी आहे. परिच्छेद लिहायला घेण्याआधी, तो वाचणारा माणूस त्या खुर्चीत बसवायचा. त्याचं नाव सांगायचं. त्याला काय ठाऊक आहे, काय ठाऊक नाही आणि त्याच्यापाशी वेळ किती आहे, हेही सांगायचं. मग त्याला एकच गोष्ट सांगायची आणि ती सांगून झाली की थांबायचं. दुसरी गोष्ट सांगायची असेल तर दुसरा परिच्छेद. एवढंच. पण हे एवढंच आमच्या गळी उतरवायला सरांना वर्ष वर्ष लागायचं.

माझा पहिला परिच्छेद 'माझे गाव' या विषयावर होता. थोरल्या बहिणीच्या जुन्या गाईडमधून मी तो जसाच्या तसा उतरवला होता. निसर्गाच्या कुशीत वसलेलं गाव, खळाळणारी नदी, कष्टाळू माणसं. आमच्या वाडीला नदी नाही, ओहोळ आहे आणि तो होळीपर्यंत आटतो. सरांनी वाचून घेतलं आणि विचारलं, "खुर्चीत कोण?"

"परीक्षक," मी म्हटलं.

"बरं. परीक्षकांना उद्या तुझ्या वाडीत यायचंय. त्यांनी उतरायचं कुठं आणि वळायचं कुठं?"

त्या परिच्छेदात ते कुठेच नव्हतं. परीक्षक बिचारे नदी शोधत फिरले असते. वर्ग हसला आणि मला रडू आलं. सरांनी माझ्या वहीच्या कडेला पेन्सिलीने 'कुठं?' एवढाच शब्द लिहिला आणि वही परत दिली. तांबडी शाई त्यांनी कधी वापरली नाही. त्यांच्या खुणा म्हणजे पेन्सिलीने लिहिलेले प्रश्न. 'मग?' 'कुणी?' 'हे आधी का नाही?' आमच्या वह्या म्हणजे सरांनी आमच्याशी केलेल्या गप्पाच होत्या.

कधी कधी सर स्वतः खुर्चीत बसायचे आणि ती व्हायची खरी धमाल. आमच्या वर्गातल्या लक्ष्मणने एकदा राबाविषयी लिहिलं होतं. भाताची रोपं तयार करायची जागा आधी पालापाचोळा आणि शेण टाकून भाजून घेतात, तो राब. आमच्याकडच्या पोराला यात नवीन काही नाही. लक्ष्मणने खुर्चीत त्याच्या दादरच्या मामीला बसवलं. सर लगेच मामी झाले. रुमाल डोक्यावर घेतला आणि ऐकू लागले. लक्ष्मणने वाचलं की भात पेरतात, रोपं वर येतात आणि त्यासाठी राब भाजतात.

"अगो बाई!" सर ओरडले. "पेरलेलं जाळलंस की रे!"

"नाय मामी, आधी जालतात," लक्ष्मण म्हणाला.

"मग आधी सांग ना! मी दादरची आहे. तू ज्या क्रमाने सांगशील त्याच क्रमाने मी शेती करणार!"

वाक्यांचा क्रम का महत्त्वाचा, हे मी पुढे डी.एड.ला जाडजूड पुस्तकांत वाचलं. मला ते लक्ष्मणच्या जळालेल्या पेरणीतून आधीच कळलं होतं.

सरांच्या या पद्धतीची आज आपल्या शहापूर-मुरबाड भागात बरीच वाहवा होते. निवृत्तीनंतरही सर मुरबाडच्या शिक्षकांना शिकवायला शेअर जीपने येतात. एकदा सभागृहात एकही खुर्ची मोकळी नव्हती, तर समोर पाण्याचं पिंप ठेवून त्यालाच कागद वाचणारे साहेब केलं. हे सारं तुम्ही या ग्रंथात इतरांकडूनही वाचाल. मला मात्र ही खुर्ची वर्गात कशी आली, ते सांगायचं आहे, कारण तिचा माझ्या घराशी संबंध आहे.

माझी थोरली बहीण सुगंधा माझ्याआधी तीन वर्षं त्याच शाळेत आठवीला गेली. आमच्या वाडीतून हायस्कूलला गेलेल्या पहिल्या तीन मुलींपैकी ती एक. शाळा पाचला सुटायची आणि आमच्या बाजूची एसटी पावणेपाचला निघून जायची. पुढची गाडी नव्हती. मुली रानातून दोन तास चालत यायच्या. गणपतीनंतर दिवस लहान होत गेले, तसे घरचे लोक कुरकुरू लागले. बाबा म्हणाले, "दिवालीपर्यंत बगू. नाय तर बस झाली शाला."

तेव्हा सर शाळेत नवे होते, तरुण होते आणि त्यांची भाषा फार सुंदर होती, असं जुने लोक सांगतात. गाडीची वेळ बदलावी म्हणून त्यांनी आगाराला अर्ज लिहिला. दोन फुलस्केप पानं भरून. स्त्रीशिक्षणाची महती, ग्रामीण भागातला अंधार, ज्ञानाची ज्योत. प्रार्थनेच्या वेळी त्यांनी तो सगळ्या शाळेसमोर वाचून दाखवला आणि टाळ्या पडल्या. ताई सांगते, "आमाला तर वाटलं, आता गाडी दारातच येते." गाडीची मागणी दुसऱ्या पानाच्या तळाशी होती, तीही 'वेळ सोयीस्कर करण्यात यावी' इतकीच. कुठली गाडी, किती वाजता, किती मुली, हे त्या अर्जात नव्हतं.

दिवाळीच्या सुट्टीत आगाराकडून उत्तर आलं. एका ओळीचं, शिक्का मारलेलं. 'आपल्या शैक्षणिक कार्यास हार्दिक शुभेच्छा.' ज्या कुणी साहेबांनी तो अर्ज उघडला, त्यांनी वरची वरची वाक्यं वाचून शुभेच्छा दिल्या असणार. त्यांना मी दोष देत नाही. त्या दोन पानांवरून मलाही दुसरं काही कळलं नसतं.

सुट्टीनंतर ताई शाळेत गेली नाही. बाकीच्या दोघीही गेल्या नाहीत. पुढची दोन वर्षं आमच्या वाडीतून हायस्कूलला एकही मुलगी गेली नाही. म्हणजे गाडी मागायची तरी कुणासाठी?

मग मी गेले, बरोबर वाडीतल्या आणखी तिघी. मलाही बाबांची दिवाळीपर्यंतचीच मुदत होती. पण तोवर सरांच्या वर्गात खुर्ची आली होती. नवरात्राच्या सुमारास एक दिवस सर म्हणाले, "आज खुर्चीत आगाराचे साहेब आहेत. त्यांच्यापुढे असे चाळीस कागद आहेत. मंदा, तुझा कागद ते चहा पिता पिता वाचणार आहेत. लिही."

मी आठ वेळा लिहिलं. सातव्या वेळेपर्यंत पेन्सिलीने 'मग?' येत राहिलं. आठव्या वेळी सरांनी काहीच लिहिलं नाही. तो परिच्छेद मला अजून पाठ आहे. 'आमची शाळा पाच वाजता सुटते. आमच्या वाडीकडे जाणारी शेवटची गाडी पावणेपाचला सुटते. त्यामुळे आम्ही चार मुली रानातून दोन तास चालत घरी जातो आणि पोहोचेपर्यंत अंधार पडतो. ही गाडी पाच वीसला सोडली तर आमची शाळा सुटणार नाही. दिवाळीनंतर आम्हाला घरून पाठवणार नाहीत, म्हणून त्याआधी उत्तर द्यावे.' खाली चौघींच्या सह्या.

सरांनी त्याला एक शब्दही जोडला नाही. स्वतः जाऊन तो कागद देऊन आले. दिवाळीला आठ दिवस असताना गाडी पाच वीसची झाली. पहिल्या दिवशी वाहकाने आम्हा चौघींना विचारलं, "काय गो, तुमचीच का ती चिठ्ठी?" त्या दिवशी आमच्याइतकं ताठ मानेने कुणी एसटीत बसलं नसेल.

सरांनी आम्हाला कधी शाबासकी दिली नाही. फार तर 'बरं' म्हणायचे. गाडी सुरू झाली त्या दिवशीही 'बरं' म्हणाले आणि पुढचा विषय दिला. मला तेव्हा राग आला होता. पुढे मी त्याच शाळेत शिक्षिका झाले, तेव्हा त्यांच्या टेबलावरच्या काचेखाली एक जुनं, पिवळं पडलेलं पत्र दिसायचं. 'आपल्या शैक्षणिक कार्यास हार्दिक शुभेच्छा.' आम्ही सगळे समजायचो की सरांना कुणीतरी गौरवाचं पत्र दिलंय आणि ते त्यांनी कौतुकाने जपलंय. एका सहकाऱ्याने तर चिडवलंही होतं, "सर, सर्टिफिकेट फ्रेम तरी करा!" सर हसले होते.

निवृत्तीच्या दिवशी ते टेबल आवरत होते. काच उचलायला मी हात लावला. तेव्हा त्यांनी ते पत्र मला वाचायला दिलं आणि त्याची सगळी हकिकत सांगितली. म्हणाले, "तुझ्या बहिणीची शाळा मी घालवली. चांगलं लिहिता येतं या गुर्मीत घालवली. रोज वर्गात जायच्या आधी हे वाचतो." मग खुर्चीकडे बोट दाखवलं. "तिथं मी साहेबांना बसवायला हवं होतं. मी स्वतःच बसलो होतो."

ज्या माणसामुळे मी शिकले, तो माणूस इतकी वर्षं माझ्या बहिणीपुढे मान खाली घालून वावरत होता आणि मला पत्ताही नव्हता. ते पत्र सर शहापूरला घरी घेऊन गेले. आजही ते त्यांच्या घरच्या टेबलावर काचेखाली आहे.

या लेखासाठी बसले तेव्हा मी हे सगळं पहिल्यांदा ताईला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. हात थांबला. "येवढी वर्सं?" ती म्हणाली. "तुमी शिकलेली मानसं पन काय काय घेऊन बसता गो." मग तांदूळ बाजूला सारून म्हणाली, "कागद दे. मी पन लिवते. खुर्चीत कोन बसतंय ते ठाव हाय मला."

आठवी अर्धवट सुटलेल्या बाईने चाळीस वर्षांनी लिहिलेला तो परिच्छेद मी तिच्या परवानगीने, एक अक्षरही न बदलता इथे देते आहे. आमच्या सगळ्यांच्या लेखांत सरांना हाच सर्वांत पसंत पडेल, अशी माझी खात्री आहे.

'सर, माजी शाला तुमच्यामुले सुटली नाय. ती सुटनारच व्हती. आमच्या वाडीतल्या पोरींसाटी दोन पानं कोनीतरी लिवली, ते मी तेव्हा पयल्यांदा बगितलं आनि घरी जाऊन आईला सांगितलं. माजी लेक पाच वीसच्या गाडीनं दहावी झाली आनि आता कल्यानला नर्स हाय. तिला मी पयल्या दिवशी सांगितलं, या गाडीला हरड सरांची गाडी म्हन. आता ते पत्र काचेखालून काडा.'

सरांच्या पेन्सिलीला यात 'मग?' लिहायला जागा सापडेल, असं मला वाटत नाही.

सर, आता या लेखाच्या खुर्चीत तुम्ही एकटेच आहात, म्हणून तुमच्याशीच बोलते. तुम्हाला भरपूर आयुष्य मिळो. गुडघे जीपमध्ये चढण्याइतके आणि डोळे आमच्या चुका दिसण्याइतके धड राहोत. तुमच्या शंभरीला लेख लिहायची माझी तयारी आहे, तो याहून आखूड असेल. आणि ताईने सांगितलंय ते करायचं आहे, पण काच जड आहे, एकट्याने उचलू नका. येत्या रविवारी आम्ही दोघी येतो आहोत. परतताना शाळेपाशी उतरून पाच वीसच्या गाडीने वाडीला जाऊ.