सैन्य नसलेला देश

मुलांनो, यंदा तुम्ही कोस्टारिकात पहिल्यांदा मत देणार, म्हणून मी, तुमची आजी, हे आत्ताच लिहिते. तुमचे आजोबा फौजेतून निवृत्त होऊन चाकणच्या एका कंपनीत सुरक्षा अधिकारी झाले होते. तुमच्या देशात सैन्यच नाही हे कळल्यावर ते तुम्हाला फोनवर म्हणाले, "अरे, मग राखण कोण करतं?"

"पोलीस आहेत ना, आजोबा. सैन्याचे पैसे शाळांना दिले."

ते दुखावले. तुमच्याशी बोलणं टाळू लागले. पुढे सव्वीस जानेवारीला रहाटणीच्या सोसायटीत झेंडावंदन झालं. दरवर्षीप्रमाणे त्यांनी लढाईत गेलेल्या सोबत्यांची नावं पुटपुटली. घरी येऊन म्हणाले, "असा देश असता, तर ते म्हातारे झाले असते."

मग त्यांनी तुम्हाला फोन लावला.

आता ते नाहीत. त्यांच्या पदकांशेजारी त्यांनीच लावलेला तुमच्या शाळेचा फोटो अजून आहे.